हप्ता आधी, कापड नंतर: मंडळाच्या कार्यकारिणीला आणि हळदीकुंकवाच्या मैत्रिणींना खुलं पत्र

स. न. वि. वि.

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशातल्या विणकरणींना कर्ज देण्याच्या मंडळाच्या नव्या योजनेवर परवाच्या बैठकीत मला बोलायला चार मिनिटं मिळाली. त्यातली दोन माइक सुरू आहे की नाही हे पाहण्यात गेली. उरलेल्या दोनात मी "जरा थांबा" एवढंच म्हणू शकले आणि मागून कुणीतरी म्हणालं, "अहो ताई, शुभकार्याला उशीर कशाला?" मी खाली बसले. पण घरी येऊन मेथी निवडतानासुद्धा ते "शुभकार्य" डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. पत्र उघडं ठेवतेय, कारण अमेरिकेतल्या निदान तीन-चार मराठी मंडळांत आपलं बघून बायकांना छोटी कर्जं देणारे असेच गट सुरू झालेत आणि आपली चूक तिकडेही पोचेल.

सुरुवात कशी झाली ते नव्या सभासदांसाठी थोडक्यात. २०१९ ची संक्रांत. वाणाच्या स्टीलच्या वाट्या आणि झाकणं हरवलेले डबे ठेवायला कुणाच्याच घरी जागा उरली नव्हती. मग एकीनं सुचवलं की यंदा वाण लुटायचं नाही, प्रत्येकीनं पंचवीस डॉलर काढायचे आणि कुठल्यातरी बाईला धंद्यासाठी उसने द्यायचे. किवासारख्या वेबसाइटवर २००५ पासून ही सोय आहे: तेव्हा पंचवीस डॉलरपासून कर्ज देता यायचं, आपल्याला व्याज मिळत नाही, मुद्दल हळूहळू परत येतं. आम्ही अकरा जणी होतो, २७५ डॉलर जमले. पडद्यावर पहिलाच फोटो आला तो ग्वाटेमालातल्या एका बाईचा. अंगात दाट नक्षीचं लाल पोलकं, हातात धाग्याची लड, आणि खाली लिहिलेलं: पारंपरिक कपड्यांचा व्यवसाय, धागा घेण्यासाठी कर्ज हवं. माझं माहेर येवल्याचं. धाग्याची लड हातात धरलेली बाई पाहिल्यावर मला दुसरे फोटो बघायची गरजच वाटली नाही.

पैसे परत आले, पुन्हा दिले, पुन्हा आले. आम्ही खूश होतो. आता कार्यकारिणीनं हे काम "मोठ्या पातळीवर" न्यायचं ठरवलंय. दहा हजार डॉलरचा निधी. "माया भगिनी दत्तक योजना" असं नाव (माया म्हणजे तिथले मूळ रहिवासी). दिवाळी मेळ्यात विकायला माया नक्षी छापलेल्या कापडी पिशव्या. पत्रकावर ठळक अक्षरांत "मायाला माया लावू या". शब्दांचा खेळ जमलाय, कबूल. मराठीत माया म्हणजे पैसासुद्धा, हे पत्रक लिहिणाऱ्याच्या लक्षात असेल अशी आशा आहे.

मी यावर बोलतेय ते गेल्या नोव्हेंबरात ग्वाटेमालात जाऊन आले म्हणून. माझी लेक स्पॅनिश शिकायला अँटिग्वा गावी सहा महिने राहिली होती, तिच्याकडे मी पाच आठवडे होते. अँटिग्वापासून बसनं थोड्याच वेळात सान अन्तोनियो आग्वास कालिएन्तेस नावाचं गाव लागतं. काक्चिकेल भाषा बोलणाऱ्या माया लोकांचं, विणकरणींचं गाव. (बस म्हणजे आपल्याच पोरांच्या जुन्या पिवळ्या स्कूलबस. इथे निकालात निघाल्या की तिकडे भडक रंग आणि क्रोमच्या पट्ट्या लावून धावतात. आपण दान केलेले टी-शर्टही तिकडेच जातात, त्यांच्याकडे पुन्हा येईन.)

तिथे एका बाईच्या अंगणात मी रोज जाऊन बसायचे. तिचं नाव इथे लिहीत नाही. सगळे तिला दोन्या म्हणत, म्हणजे आपल्याकडे काकू-मावशी म्हणतात त्यातलं, तेच मी म्हणत असे.

येवल्यात मी खड्डामाग पाहत वाढले. लाकडी चौकट, फणी, धोट्याची खटखट, पाय खड्ड्यात. दोन्याच्या मागाला चौकटच नव्हती. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक पडवीच्या खांबाला दोरीनं बांधलेलं, दुसरं टोक एका पट्ट्यानं तिच्या कमरेला. ती चटईवर गुडघे टेकून बसते आणि मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढे झुकली की सैल पडतो. म्हणजे मागाचा निम्मा भाग तिचं शरीरच. चुलीवर काही उतू गेलं की ती पट्टा सोडून उठते आणि माग तिथेच जमिनीवर लोळागोळा होऊन पडतो. पाऊस आला तर चटईसारखा गुंडाळून आत. माया देशातल्या जुन्या भाजक्या मातीच्या बाहुल्यांत असाच माग लावून बसलेली बाई आहे. ती बाहुली हजार वर्षांहून जुनी असेल आणि बसण्याची ढब तीच आहे. ताण्याला खळ मक्याच्या पिठाच्या पाण्याची. त्या खळीचा वास मला थेट येवल्याच्या गल्लीत घेऊन गेला, फरक फक्त मक्याचा.

नक्षी सुईची नव्हे. विणता विणता ताण्याचे दोन-तीन धागे बोटानं उचलायचे, रंगीत धागा त्यातून ओवायचा, मग लाकडी पात्यानं ठोकून बसवायचा. या गावची खासियत म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी नक्षी. दोन्यानं कापड उलटून दाखवलं तेव्हा मी हसायलाच लागले. अस्सल पैठणी ओळखायला आई पदर उलटा करून बघायची, तीच परीक्षा! अंगातल्या त्या पोलक्याला स्पॅनिशमध्ये विपिल म्हणतात, पण काक्चिकेलमध्ये त्याचं नाव पोत. आपण कापडाचा पोत म्हणतो, जवळजवळ तसाच उच्चार. नातं काही नाही, योगायोग आहे, पण त्या दिवसापासून मी मनात विपिल म्हणणं सोडून दिलं.

एकदा मी घड्याळ लावून बसले. तासाभरात कापड दीड बोट पुढे सरकलं.

पोताला दोन पट्ट्या लागतात. दोन्या पहाटे उठून मका दळून आणते, तोर्तिया थापते, नातवाला शाळेत सोडते, कपडे धुते आणि उरलेल्या वेळात मागावर बसते. एका चांगल्या पोताला तिला चार महिने लागतात. बाजारात हिंडणारा कुणी "एवढे पैसे?" असं म्हणाला की ती काही बोलत नाही, कापड उलटं करून दाखवते.

आता कर्जाचं. दोन्यानंही कर्ज घेतलं होतं, एका संस्थेकडून, पाच बायकांच्या गटात, एकमेकींना जामीन राहून. तिनं मला तिचं पासबुक दाखवलं. मी बँकेत नव्हते, पण आमच्या येवल्याच्या बचत गटाचं रजिस्टर काही वर्षं मीच लिहायचे, त्यामुळे पासबुक मला वाचता येतं. आकडे तुमच्यासाठी गोल करून सांगते. तीन हजार क्वेत्साल, म्हणजे चारशे डॉलरच्या आतबाहेर. मुदत बारा महिने. व्याज महिना अडीच टक्के, तेही पूर्ण मूळ रकमेवर, म्हणजे फ्लॅट. मुद्दलाचे २५० आणि व्याजाचे ७५, असा महिन्याला ३२५ चा हप्ता. पहिला हप्ता तिसाव्या दिवशी.

फ्लॅट व्याज ऐकायला तीस टक्के वाटतं. पण बाई दर महिन्याला मुद्दल फेडत असते आणि व्याज मात्र सगळ्या तीन हजारांवर देत असते. घटत्या शिल्लकेवर हिशेब मांडला तर तो दर वर्षाला पन्नास टक्क्यांच्या वर जातो. आपण बिनव्याजी दिलेल्या पैशाचं हे असं कसं होतं, हा प्रश्न बैठकीत कुणी विचारला नाही. आपण संस्थेला बिनव्याजी देतो, संस्था बाईला व्याजानं देते. आणि बऱ्याचदा आपण फोटोवर क्लिक करतो त्याच्या आधीच बाईला पैसे मिळालेले असतात. आपला पैसा संस्थेची तिजोरी पुन्हा भरतो. यात फसवणूक नाही, वेबसाइटवर लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही इतकंच. संस्थेला मी सावकार म्हणणार नाही. डोंगरातल्या वाडीवर मोटारसायकलनं माणूस पाठवून तीनशे-तीनशे क्वेत्साल गोळा करायचे तर खर्च येणारच. व्याज जास्त आहे याहून माझी मोठी तक्रार वेगळीच आहे.

दोन्यानं तीन हजारांपैकी दोन हजारांचा धागा घेतला. शहाणपणानं घेतला. एरवी ती गावातल्या दुकानातून औंसा-औंसानं उधारीवर घ्यायची, या वेळी पौंडानं घेतला, तीन-चार पोतांना पुरेल एवढा. उरलेले हजार हप्त्यांसाठी लुगड्याच्या गाठीत बांधून ठेवले. तीन हप्त्यांना ९७५ गेले. चौथ्या हप्त्याच्या दिवशी तिच्याकडे पंचवीस क्वेत्साल होते, पोताची दुसरी पट्टी अजून मागावर होती आणि गटातल्या चार जणी दारात उभ्या होत्या, कारण हिचा हप्ता चुकला की तो त्यांच्यावर येणार.

तिनं काय केलं? एका व्यापाऱ्याकडून छापील पोलक्यांचं गाठोडं उधारीवर उचललं. तिकडे या मालाला सुब्लिमादो म्हणतात. पोताचा फोटो काढून पॉलिएस्टरवर छापलेला असतो. लांबून बघितलं तर तस्सं, किंमत नखाएवढी, आणि उलटं केलं की पांढरं. दोन्या ते घेऊन बाजारात बसली. बाजारात बसली म्हणजे मागावर बसली नाही. पट्टी आणखी लांबली. पण हप्ते एकूण एक भरले.

म्हणजे पारंपरिक कापडासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता भरायला ती बाई तिच्याच कापडाच्या नकला विकत होती. मैत्रिणींनो, आपल्या पडद्यावर मात्र अशा कर्जापुढे "परतफेड १०० टक्के" असं येतं आणि आपण टाळ्या वाजवतो. गेल्या वर्षीच्या अहवालात तो आकडा चौकटीत छापला होता. चौकट मीच आखली होती.

आता आपल्या गावाकडचं बघू. पीककर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याकडे पेरणीनंतर तिसाव्या दिवशी कुणी हप्ता मागतं का? पीक निघालं, माल विकला की फेड, एवढी अक्कल आपल्या जिल्हा बँकांना आणि सोसायट्यांनाही आहे, आणि त्यांच्या अकलेबद्दल मी एरवी फार चांगलं बोलत नाही. उलट भाजीवालीला रोज दहा रुपये भरणं सोपं जातं, कारण तिच्या हातात रोज पैसा येतो. चेतना सिन्हांनी १९९७ मध्ये म्हसवडला माणदेशी महिला बँक काढली तेव्हा बँकेची माणसं बायकांच्या दारात, बाजारात जाऊन पैसे घ्यायला लागली, ते याच कारणानं. ज्या धंद्यात पैसा ज्या चालीनं येतो त्या चालीनं फेड. कोंबड्या, टोमॅटो, किराणा यांची चाल आठवड्याची. पोताची चाल चार महिन्यांची. दोघींना एकच पासबुक दिलं की पोतवाली किराणा विकायला लागते. त्यात तिची काही चूक नाही.

येवल्यात हे मी वेगळ्या रूपात पाहिलंय. आमच्या शेजारच्या विणकराला व्यापारी रेशीम आणि जर द्यायचा, वर घरखर्चाला उचल द्यायचा. साडी उतरली की मजुरीतून उचल कापून घ्यायचा. उचल कधी फिटायची नाही, त्यामुळे साडी दुसऱ्या कुणाला विकता यायची नाही. शेजारचे काका म्हणायचे, "माग माझा, हात माझे, पण पदर शेठचा." पण त्या शेठला एक गोष्ट कळत होती: साडी उतरायच्या आधी मागून काही मिळणार नाही. आपल्याला तेवढंही कळू नये?

कर्ज वाईट असं मी म्हणत नाही, कृपा करून तसा अर्थ काढू नका. दोन्याला मी सरळ विचारलं, कर्ज नसतं तर बरं झालं असतं का? लेकीनं भाषांतर केलं. दोन्या विचार करून म्हणाली, नाही. मग तिनं जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पूर्वी घरात कुणी आजारी पडलं, पोरांच्या वह्या-पुस्तकांचे दिवस आले, की ती भलत्या वेळी पोत घेऊन अँटिग्वाला जायची आणि दुकानदार म्हणेल त्या भावाला देऊन यायची. दुकानदाराला तिचा चेहरा वाचता यायचा. घरात थोडे पैसे असले की ती पोत घडी करून पुन्हा पिशवीत ठेवू शकते आणि म्हणू शकते, आज नाही विकायचं. पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधी, अँटिग्वा पाहुण्यांनी भरून जातं. तेव्हा तेच पोत नीट भावानं जातं.

म्हणजे या कर्जातून तिला खरं मिळत होतं ते थांबायचं बळ. धागा ती उधारीवरही मिळवतच होती. आणि तिसाव्या दिवसाचा हप्ता नेमकं तेच बळ काढून घेतो. मी बैठकीत "जरा थांबा" म्हणाले त्यात एवढं सगळं होतं, दोन मिनिटांत मांडता आलं नाही.

आकड्यांच्या शौकिनांसाठी: २०१५ मध्ये सहा देशांतले सहा मोठे अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले, त्यात एक आपल्या हैदराबादचा होता, एक मेक्सिकोचा. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच. लहान कर्जानं लोकांना पैसा हवा तसा फिरवता येतो, काहींचा धंदा वाढतो, पण गरिबी हटल्याचं काही दिसलं नाही. आपल्या पत्रकात "एका कर्जानं एका कुटुंबाचं आयुष्य बदलतं" असं वाक्य आहे. ते काढा.

आणि हप्ते भरले जातात ते नेहमी धंद्यातूनच, असंही समजू नका. २०२३ मध्ये परदेशी गेलेल्या ग्वाटेमालन लोकांनी १९ अब्ज डॉलरहून जास्त पैसा घरी पाठवला. त्यातला बहुतेक अमेरिकेतून. देशाच्या एकूण उत्पन्नाचा तो जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. दोन्याच्या गटातल्या एकीचे हप्ते तिचा मुलगा भरतो. तो इथे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासतो. आपण बैठकीनंतर ज्या ठिकाणी जेवायला जातो तिथल्या मोरीपाशीही कुणाचा तरी मुलगा उभा असतो.

जुन्या कपड्यांचं राहिलं. आपण हिवाळ्याआधी पेटीत टाकतो ते कपडे गाठोडी बांधून तिकडे विकायला जातात. गाठोड्याला पाका म्हणतात, दुकानांनाही पाकाच म्हणतात. पोरींना एका जीन्सच्या किमतीत आईच्या पोताची बाहीसुद्धा येत नाही, मग त्या जीन्स घालतात. हातानं विणणाऱ्या बाईची स्पर्धा अशी दोन्हीकडून आहे: एका बाजूनं छापील नक्कल, दुसऱ्या बाजूनं आपलं दान. मंडळानं "ग्वाटेमालासाठी कपडे गोळा करू" असा जो नवा विषय काढलाय, तो म्हणूनच मागे घ्यावा.

आता पिशव्या. यावर मी जरा चिडून लिहिणार आहे.

पोतावरची नक्षी गावागणिक वेगळी असते. बाईचं पोलकं पाहून ती कुठल्या गावची ते ओळखता येतं. सरोवराकाठच्या सान्तियागो आतित्लानची बाई डोक्याला लांबच लांब पट्टी चकतीसारखी गुंडाळते. तसं डोकं देशाच्या पंचवीस सेन्तावोच्या नाण्यावर १९६० च्या दशकापासून आहे. खरीखुरी बाई होती ती, कोन्सेप्सिऑन रामिरेस. २०२१ मध्ये वारली. नाण्यावर चेहरा, आणि ज्या समाजाची ती, त्या समाजावर त्याच काळात काय ओढवलं? ग्वाटेमालातलं यादवी युद्ध १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं चाललं. दोन लाखांहून जास्त माणसं मेली किंवा नाहीशी झाली आणि ज्यांची ओळख पटली त्यांतले ८३ टक्के माया होते, असं संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानं नेमलेल्या सत्यशोधन आयोगाचा १९९९ चा अहवाल सांगतो. त्या काळात कितीतरी बायकांनी आपल्या गावचं पोत घालणं सोडलं, कारण पोलकं बघून सैनिकांना गाव कळायचं. केत्साल्तेनांगो शहरात १९८८ मध्ये त्रामा नावाची विणकरणींची सहकारी संस्था उभी राहिली ती अशाच युद्धानं उघड्यावर टाकलेल्या बायकांची. त्रामा म्हणजे बाणा, आडवा धागा.

ज्या नक्षीपायी लपावं लागलं, ती आता आपण पिशवीवर छापणार. कुणाला विचारून? सान्तियागो साकातेपेकेस भागातल्या आफेदेस या बायकांच्या संघटनेनं इतर विणकरणींबरोबर २०१६ मध्ये थेट घटना न्यायालयात धाव घेतली की आमच्या विणीला कायद्याचं संरक्षण नाही, कंपन्या आमची नक्षी उचलून छापतात. न्यायालयानं पुढच्या वर्षी संसदेला कायदा करायला सुचवलं. विणकरणींचं म्हणणं असं की नक्षी कुणा एकीची मालमत्ता नाही, ती गावाची आहे, परवानगी मागायची तर गावाकडे मागा. आपल्याला हे समजायला काय अवघड आहे? पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा याच मंडळानं पेढे वाटले होते. यंत्रमागावरची "सेमी पैठणी" बघून नाकं मुरडणाऱ्या आपण सगळ्या जणी पिशवीवर पोत छापायला निघालो आहोत!

"दत्तक" या शब्दाबद्दल एकच. दोन्या माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. तिला दत्तक घेण्याची माझी हिंमत नाही.

मग करायचं काय, हे विचाराल. पैसे देणं थांबवू नका. फक्त फोटोच्या खाली जा. किवावर प्रत्येक कर्जाखाली लिहिलेलं असतं की फेड दरमहा आहे, अनियमित आहे की मुदतीच्या शेवटी एकरकमी. शिवाय ती संस्था कर्जदारांकडून साधारण किती टक्के घेते तेही असतं. विणकरणीचं कर्ज असेल तर शेवटी एकरकमी किंवा अनियमित फेडीचंच निवडा. तसं सापडलं नाही तर त्या संस्थेला ईमेल करा: विणकामाच्या कर्जाला पहिला हप्ता चार महिन्यांनी का ठेवत नाही? अकरा बायकांच्या ईमेलला कुणी विचारणार नाही, पण दहा हजार डॉलर घेऊन आलेल्या मंडळाला उत्तर द्यावं लागेल. कार्यकारिणीच्या हातात ही ताकद आहे आणि ती आपण दत्तक योजनेच्या बॅनरवर घालवतोय. कर्जाबरोबर हिशेब, आरोग्य यांचं शिक्षण देणाऱ्या संस्थाही तिथे आहेत. फ्रेंडशिप ब्रिज १९९८ पासून ग्वाटेमालात हेच करते आणि कारागीर बायकांच्या मालाला गिऱ्हाइकही शोधते. त्यांच्याशी बोलून पाहायला काय हरकत आहे? पण त्यांनाही पहिला प्रश्न हप्त्याचाच विचारा.

निधीतला निम्मा पैसा तरी कर्ज म्हणून देऊच नये, असं माझं मत आहे. त्यातून मालाची मागणी नोंदवावी. हस्तकलेच्या न्याय्य व्यापारात रीतच आहे की कारागिरानं मागितलं तर निम्मी किंमत आगाऊ द्यायची, बिनव्याजी. त्रामासारख्या सहकारी संस्थेकडे चाळीस छोटी कापडं मागवा, निम्मे पैसे आधी द्या, उरलेले माल आल्यावर, आणि माल आठ महिन्यांच्या आत मागू नका. ती कापडं मेळ्यात पिशव्यांच्या जागी विका. महाग पडतील. टेबलावर एक कापड उलटं करून ठेवा, बायका विचारतील, तेव्हा सांगता येईल. २०२० मध्ये कोरोनानं तिथला विमानतळ मार्चपासून सप्टेंबरपर्यंत बंद होता. पाहुणे नाहीत, विक्री नाही. तेव्हा ज्यांच्याकडे बाहेरची मागणी होती त्यांच्या मागावर निदान काम होतं. दोन्याकडे फक्त पासबुक होतं.

एक आठवण मात्र सांगायचीच आहे, तिचा निधीशी संबंध नाही. एक नोव्हेंबरला जवळच्या सुम्पांगो गावात मेलेल्या माणसांसाठी प्रचंड पतंग उभे करतात, घराहून उंच, पातळ रंगीत कागदाचे तुकडे महिनोन्‌महिने चिकटवून केलेले. दोन्या मला तिथे घेऊन गेली. मी तिला सांगितलं की आमच्याकडेही संक्रांतीला पतंग उडवतात आणि बायका एकमेकींना वाण देतात. वाण म्हणजे काय ते समजावताना लेकीची स्पॅनिश संपली. शेवटी मीच खुणेनं सांगितलं: तू मला दे, मी दुसरीला देते, परत काही मागायचं नाही. दोन्यानं विचारलं, हप्ता नाही? मी म्हटलं, नाही. "मात्योश," म्हणाली, म्हणजे आभारी आहे, आणि इतकी हसली की शेजारची माणसं वळून बघायला लागली.

मी निघाले तेव्हा तिच्या नव्या पोताची दुसरी पट्टी वीतभर झाली होती. काल लेकीच्या फोनवर फोटो आला. दोन्ही पट्ट्या जोडून झाल्यात, गळा कापायचा बाकी आहे. नवं कर्ज घेतलंय, हप्ता एक तारखेला आहे. मंडळाची पुढची बैठक तीन तारखेला. त्या बैठकीत मला चार नव्हे, पंधरा मिनिटं हवीत, आणि माइक आधी तपासून ठेवावा.

आपली,
एक सभासद
(२०१९ पासून १४ कर्जं, एकूण ३५० डॉलर, त्यातल्या एकाही कर्जाची फेडीची पद्धत तेव्हा वाचली नव्हती)